तुम्ही विचारलंत म्हणून: ६४०० की सीएल ३०?

"६४००ची सीएल ४० घेऊ, की ६०००ची सीएल ३०?" नवीन पीसी जुळवायला घेतलेलं कुणी ना कुणी रॅम, म्हणजे पीसीची मेमरी, निवडताना मला हे विचारतंच. विचारताना बोट बहुतेकदा ६४००वर असतं, कारण खोक्यावर तोच स्पीडचा आकडा ठळक छापलेला असतो.

मी ६०००ची सीएल ३० घ्या म्हणतो. पण या आकड्यांनी मलाही एकदा चकवलं होतं. डीडीआर४च्या, म्हणजे रॅमच्या आधीच्या पिढीच्या, काळात माझ्याकडे ३२००ची सीएल १६ होती. डीडीआर५ आली आणि पाहतो तर ४८००, सीएल ४०! सोळावरून थेट चाळीस? ही कसली प्रगती, असं म्हणून मी बरेच दिवस नाक मुरडत होतो.

घोळ माझ्याच डोक्यात होता. सीएल म्हणजे वेळ नव्हे, ते डेटा मागितल्यापासून तो येऊ लागेपर्यंतचे क्लॉकचे मोजलेले ठोके. चाळीस पावलं म्हटलं की पावलं कुणाची, लहान पोराची की उंच माणसाची, हे आधी विचारायला हवं. डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणजे ६०००ची स्टिक (रॅमची पट्टी) खरं तर ३००० मेगाहर्ट्‌झवर चालते. म्हणून सीएलला २०००ने गुणायचं आणि खोक्यावरच्या स्पीडने भागायचं. उत्तर नॅनोसेकंदांत मिळतं.

माझी जुनी ३२००, सीएल १६: १० नॅनोसेकंद. ४८००, सीएल ४०: साधारण १६.७. म्हणजे नाक मुरडणं अगदीच चुकीचं नव्हतं, पण अडीचपट हळू वगैरे काही नाही. ६४००, सीएल ४०: १२.५. आणि ६०००, सीएल ३० पुन्हा १०वरच. गंमत म्हणजे अगदी पहिल्या पिढीतली डीडीआर ४००, सीएल २ हीसुद्धा १० नॅनोसेकंदांचीच. स्पीड पंधरापट झाला, पण पहिला बाइट हातात पडायला लागणारा वेळ तिथल्या तिथेच. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज. तो ओळखून, वाढवून वाचायला लागणारा वेळ घड्याळ जोरात पळवून कमी होत नाही.

उलट बाजू बँडविड्थची, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहतो त्याची. तिथे ६४०० खरोखर पुढे आहे: एका स्टिकमागे सेकंदाला ५१.२ जीबी, तर ६०००ला ४८. ही जेमतेम सात टक्क्यांची आघाडी. सलग मोठा डेटा ओढणाऱ्या कामांना, आणि विशेषतः प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्यांना ती लागू पडते. इकडून एक तुकडा, तिकडून एक तुकडा असं मागणाऱ्या कामांना आधी लेटन्सीच (वाट पाहण्याचा वेळ) जाणवते.

तरीही अडीच नॅनोसेकंदांसाठी जीव टाकू नका. सीएल हा प्रवासाचा एकच टप्पा. मेमरीतली हवी ती रो (बिट्सची ओळ) उघडी नसेल तर ती उघडायचा वेळ, टीआरसीडी, लागतो, दुसरीच रो उघडी असेल तर ती बंद करायचा टीआरपीही वर. ३०-३८-३८ची (सीएल-टीआरसीडी-टीआरपी) स्टिक अशा वेळी १० नव्हे, सुमारे ३५ नॅनोसेकंद घेते. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत जाऊन परत यायचं तर हिशेब आणखी वाढतो. त्यात प्रोसेसरची कॅश (त्याच्या आतली वेगवान मेमरी) मोठी असेल तर बऱ्याच मागण्या मेमरीपर्यंत पोचतच नाहीत.

६०००कडे माझा कल असण्याचं आणखी एक कारण आहे. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर साधारण या वेगापर्यंत मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग) मेमरीच्याच तालावर चालतो. फार वर गेलात की तो निम्म्यावर उतरतो, आणि वाढवलेल्या स्पीडचा फायदा तिथेच मुरतो. इंटेलवर वर जायला जरा जास्त वाव असतो.

या सगळ्याआधी रॅम पुरेशी आहे ना ते बघा. १६ जीबी भरून मशीन एसएसडीकडे धावायला लागलं की सीएल कितीही असो. आणि एकच मोठी स्टिक घेण्यापेक्षा दोन घ्या, ड्युअल चॅनेल, म्हणजे डेटाला दोन वाटा, मिळतं. चार नकोत, डीडीआर५वर चार स्टिक लावल्या की स्पीड बहुधा खाली आणावाच लागतो.

राहिलं बायोस, म्हणजे मदरबोर्डची सेटिंग्ज. ६०००ची सीएल ३० मी मोठ्या हौसेने लावली आणि सहा महिने भेटेल त्याला तिचं कौतुक सांगितलं. मग एकदा सहज टास्क मॅनेजर उघडला, तर तिथे स्पीड ४८००. खोक्यावरचा स्पीड लागू करणारं एक्स्पो प्रोफाइल बायोसमध्ये चालूच केलं नव्हतं.