नववीला अख्खी कादंबरी : तुम्ही विचारलंत म्हणून

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेलं की चहाच्या वेळी कोणीतरी हमखास गाठतं. "मॅडम, तुम्ही म्हणे नववीला अख्खी कादंबरी शिकवता? आमची पोरं धडा वाचत नाहीत!" आणि लगेच पुढचं, "त्या उपक्रमांची यादी व्हॉट्सॲपवर टाका ना."

यादी मी एकदा टाकली होती. तिचं काय झालं ते मला ठाऊक आहे, म्हणून या खेपेला जरा ऐसपैस सांगते.

कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', 1955 सालची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो, तिथपासूनची गोष्ट. मी शिक्षिका म्हणून मास्तरची गोष्ट निवडली असं लोकांना वाटतं. खरं कारण म्हणजे पुस्तक बारीक आहे आणि खिशाला झेपतं. शाळेच्या कपाटात 2 प्रती होत्या, 5 मी घेतल्या. वर्गात मुलं 46. त्यामुळे घरी नेऊन वाचा म्हणायची सोयच नव्हती. ऑफ तास मिळेल तेव्हा मोठ्यानं वाचायचं, एका प्रतीभोवती सहा-सात डोकी.

पहिल्या वर्षी मी साफ फसले. कार्डशीट वाटले आणि मुखपृष्ठ स्पर्धा घेतली. ज्या चित्राला पहिला नंबर दिला त्यात घोंगडी, काठी, मेंढरं, मागं मावळता सूर्य, सगळं होतं. नंतर कळलं की त्या चित्रकारानं पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं, मलपृष्ठावरच्या मजकुरावर त्याचं भागलं होतं. चूक त्याची नव्हती. मी काम दिलं होतं चित्र काढायचं, ते त्यानं चोख केलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे : पुस्तक न उघडता जे जमतं, ते कादंबरीच्या तासाला करायचं नाही.

दुसऱ्या वर्षी पीटीच्या सरांकडून फक्की मागून आणली आणि मुलांना मैदानाच्या कोपऱ्यात वाडी आखायला सांगितली. कारभाऱ्याचं, म्हणजे वाडीच्या म्होरक्याचं घर कुठं, शाळा कुठं, वाडीतला दादू बालट्या कुठून येत असेल. माणसागणिक एक दगड, दगडावर खडूनं नाव. अट एवढीच की दगड ठेवायचा तर पान दाखवायचं. पहिल्याच दिवशी दोन गटांत जुंपली. शाळेपासून कारभाऱ्याचं घर किती लांब? एक म्हणतो हाकेच्या अंतरावर, दुसरा म्हणतो मग मास्तरला अमुक गोष्ट उशिरा का कळली? अख्खी मधली सुट्टी दोघं पानं उलटत बसले. त्यातल्या एकानं त्याआधी माझ्या तासाला वहीसुद्धा काढली नव्हती.

आता तो प्रसिद्ध उपक्रम, 'पात्राची डायरी लिहा'. तो मीही दिला. कारभाऱ्याची मुलगी अंजी शहरातून चोळी शिवून आणायला मास्तरला सांगते आणि त्यावरून कारभाऱ्याच्या मनात नको ते येतं, तो भाग वाचून झाला होता. म्हटलं, त्या रात्रीची अंजीची डायरी लिहा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, पण अंजीला लिहिता येतं का?"

मला घाम फुटला. इतकी वर्षं आपण कोणाकोणाच्या हातात डायऱ्या कोंबल्या असतील! मग तिलाच विचारलं, लिहिता येत नसेल तर अंजी हे कोणाला सांगेल? वर्ग विचारात पडला. कोणी म्हणालं मैत्रिणीला, पाण्यावर गेल्यावर. कोणी म्हणालं कोणालाच नाही. मग एकीनं बोट ठेवलं ते फार नेमकं होतं : सगळी गोष्ट मास्तरच सांगतोय, तेव्हा अंजीला काय वाटलं ते त्यालाही पुरतं माहीत नसणार. निवेदक म्हणजे काय हे मी दरवर्षी फळ्यावर व्याख्या लिहून शिकवायचे. त्या वर्षी व्याख्या लिहिली नाही.

वाडीतल्या शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुंपून घेते, त्या पानासाठी फार काही लागत नाही. एक जुना बाक, दोर, आणि मैदानाची एक फेरी. दोघा दांडगटांनी हसत सुरुवात केली आणि अर्ध्यात टेकले. मग तिथंच मातीत बसून ते पान परत वाचलं. यावर प्रश्न विचारायचे नाहीत, एवढं शहाणपण मला आता आलंय.

तालमीच्या उद्‌घाटनाला औंधचा राजा येतो तेव्हा मात्र पोरांना संस्थान म्हणजे काय हेच माहीत नसतं. तो तास मी इतिहासाच्या सरांना देते. औंधचे राजे, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी म्हटलं की पीटीचे सरही हजर होतात, आणि मला एक दिवस सुट्टी मिळते.

शेवट पुन्हा मैदानात. दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. वाचता वाचता एकेक दगड उचलायचा. आधी कोण, मग कोण, त्यासाठी परत पुस्तकच. फार वाईट शेवट आहे, असं सगळे म्हणत होते. वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या चुलत्याचा मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप, दिवाळीनंतर कोकणात उतरतो. तो म्हणाला, "त्यात काय! आमचं घर दरसाल निम्मं रिकामंच असतंय." मग बाकीच्यांनी त्याला घेरलं आणि उरलेला तास त्यानंच घेतला. खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे काय मिळतं, कोकरू चालेना तर काय करतात, शाळेतल्या पोरांना मागं कोणाकडं ठेवतात. पुस्तकातल्या दोन गोष्टी मी चुकीच्या समजून शिकवत होते, तेही त्यानं सांगून टाकलं.

गुणांचं विचाराल तर अंतर्गत मूल्यमापनात हे सगळं बसतं. मुख्याध्यापकांना दाखवायला फक्कीच्या वाडीचे फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात मात्र वाडी आखू नका, मी आखली होती.

हां, मास्तरचा दगड. तो शेवटी एकटा उरला आणि कोणी उचलायचा यावर पुन्हा भांडण. तेवढ्यात घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मैदान झाडताना शिपाईमामांनी तो उचलून कुंपणाकडं टाकला.