चिंच, खायचा सोडा आणि फॉइल: श्रावणातली नोंद

मागच्या वेळी हळदीत चुना कालवून कुंकवाचा लाल रंग आणला होता. तो विषय तिथेच मिटला. आता मोर्चा धातूंकडे. गणपती तोंडावर आलेत, गिरगावात घरोघरी माळ्यावरून ताम्हन-पळी, समया, निरांजनं खाली उतरतायत आणि आमच्या घरची सगळी काळवंडलेली फौज यंदा मी मागून घेतली. आईची एकच अट होती, देवाच्या भांड्यांना केमिकल लागता कामा नये. चिंच केमिकलमध्ये मोडत नाही या तिच्या मताला मी हात लावला नाही. काम निघत होतं ना.

देवाच्या भांड्यांआधी चाचणी म्हणून तांबाकाट्याच्या बाजारातून तांब्याची एक पट्टी आणली. गॅसवर धरून काळी केली आणि तिच्यावर शेजारी शेजारी थेंब टाकले. नुसत्या मिठाच्या पाण्याने ढिम्म फरक पडला नाही. नुसत्या लिंबाने डाग उतरला, पण रमतगमत. लिंबात मीठ घातलं मात्र, थेंबाखाली बघता बघता गुलाबी तांबं उघडं पडलं. काळा थर तांब्याच्या ऑक्साइडचा. आम्ल त्याचं विरघळणारं क्षार आणि पाणी करून टाकतं. लिंबात ते सायट्रिक असतं, चिंचेत टार्टारिक. मग मिठाचं काम काय? त्यातलं क्लोराइड सुट्या झालेल्या तांब्याला द्रावणात धरून ठेवतं, म्हणून पुढचा थर पटापट सुटतो. आजीच्या चिंच-मिठातलं मीठ काही नुसतं घासायला खरखरीत म्हणून नव्हतं.

चिंचेचा कोळ तपकिरी, त्यात रंग कळत नाही. म्हणून हेच व्हिनेगर आणि मिठात केलं. द्रावणाला हलकी निळसर-हिरवी झाक आली. तेच तांबं. ते फेकू नका. लोखंडी खिळा पॉलिशपेपरने चकचकीत घासून त्यात उभा करा. माझ्या खिळ्यावर आधी पाण्याच्या पातळीखाली तांबूस सावली आली, मग टोकापर्यंत पातळ गुलाबी कातडं चढलं. बोटाने पुसलं तर निघतं, म्हणजे मुलामा कच्चाच. लोखंड आपले इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतं आणि तांबं ते उचलून पुन्हा धातू होऊन बसतं. पट्टीवरून उतरलेला काळा डाग खिळ्यावर तांबं होऊन परत आला, यापेक्षा स्वस्तातली करमणूक मला तरी ठाऊक नाही.

पितळेच्या बाबतीत मात्र घाई करू नये. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि आम्लाला जस्त जास्त प्रिय. एक जुना पितळी नट मुद्दाम रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवला. सकाळी सोनेरी रंग जाऊन त्यावर गुलाबी पट्टे उमटलेले. समईवर असं झालं तर घरात राहणं मुश्किल. म्हणून पितळेला कोळ चोळायचा, लगेच धुवायचं, आणि त्या वाटीत लोखंडी तारेचा काथ्या किंवा चिमटा बुडवायचा नाही. लोखंड पडलं की विरघळलेलं तांबं पितळेवरही चढून बसतं.

धुणं हा खरा कळीचा भाग आहे, विशेषतः मुंबईत. पट्टीचा एक तुकडा चिंच-मीठ लावून न धुता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. हवेत ओल आहेच, क्लोराइड आपण दिलेलं. त्याच्यावर हिरवट बुरशीसारखा थर धरला. दुसरा तुकडा धुऊन, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, कोरडा पुसून ठेवला, तो अजून लखलखीत. चौपाटीजवळ राहणाऱ्यांनी शेवटचं कोरडं फडकं विसरू नये.

आता चांदी, म्हणजे या वेळचा खरा ऐवज. चांदीवरचा काळेपणा ऑक्साइडचा नसतो, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे झालेला सिल्व्हर सल्फाइड असतो. रांगोळी नाहीतर दंतमंजनाने घासलं की काळा थर जातो, पण त्या थरात अडकलेली चांदीही मोरीतून जाते. फॉइलच्या पद्धतीत ती परत भांड्यावरच येते. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर करंडा, वरून कढत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा. सोडा फॉइलवरचं ऑक्साइडचं कवच सैल करतो, मग ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं आणि चांदीला गंधकापासून सोडवतं. सड्या अंड्याचा पुसटसा वास आला की समजायचं, गंधक निघालं. खिडकी उघडी ठेवा.

इथे एक गंमत करून पाहिली. करंडा फॉइलवर न ठेवता त्याच पाण्यात प्लॅस्टिकच्या झाकणावर ठेवला. काहीच झालं नाही. मग तांब्याच्या तारेने करंडा आणि फॉइल जोडले, आणि काळेपणा फिकटायला लागला. म्हणजे हा नुसता सोड्याचा गुण नाही, हा सेल आहे. दोन धातू, मधे क्षाराचं पाणी, बाहेरून जोडणी. व्होल्टाने १८०० साली चांदी आणि जस्ताच्या चकत्या रचून हेच उभं केलं होतं. आपलं फॉइल नंतर निस्तेज होतं. उजेडाकडे धरलं तर बारीक भोकंही दिसतात.

मोत्याची नथ यातल्या कशातही घालायची नाही. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात ते फसफसतं. लाख भरलेले पोकळ दागिने कढत पाण्यात नकोत. ऑक्सिडाइज्ड झुमक्यांचा काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, तो घालवलात तर बहीण बोलायची बंद होईल.

पुढचा बेत कल्हईचा, म्हणजे भांड्याला आतून कथिलाचा थर देण्याचा. चिंच भांडं उजळते तशीच आमटीतही पितळ सोडवते. बिनकल्हईच्या पातेल्यात ताक कळकतं ते म्हणूनच. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे भट्टी साधी चालते. पण तापल्या पातेल्यात नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकल्यावर जो पांढरा धूर उठतो, त्याकडे माझं लक्ष आहे. नवसागर तापून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, त्यातलं दुसरं ऑक्साइड खाऊन धातू मोकळा करतं, आणि हवेत गार होताना उरलेले दोघे पुन्हा एकत्र येऊन नवसागराचा धूर होतात. प्रिन्सेस स्ट्रीटवरून लिटमस आणून ठेवलाय. भिजवलेला कागद धुरात धरला तर आधी कुठला रंग बदलतो ते बघायचं आहे. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात अजून रस्त्यावर भट्टी लावणारा कल्हईवाला कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. पातेली माझ्याकडे भरपूर आहेत, आणि आईने कल्हईला आधीच परवानगी दिली आहे.