बिनपायऱ्यांचा पूल

माणसांचं पुलाशी वाकडं नसतं, वाकडं असतं ते पायऱ्यांशी. घोडबंदर रोडवर जरा वेळ उभं राहून पाहा. वर पादचारी पूल मोकळा, आणि खाली आजीबाईसुद्धा एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने ट्रक आवरत दुभाजक ओलांडतायत. आपण शिस्तीच्या नावाने बोटं मोडतो. पण हिशेब करा की! गाड्यांसाठी रस्त्यावर 5.5 मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. पायरी 15 सेंटीमीटरची धरली तर 36-37 पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. कशासाठी, तर समोरच्या फुटपाथवर जायला. गाडीवाला सपाट जाणार आणि पायी चालणाऱ्यानेच चढायचं, हा न्याय मला अजून पटलेला नाही.

म्हणून नवी मुंबईत मी शिकवतो तिथल्या आवारातला पूल मला शहाणा वाटतो. तो दोन इमारतींच्या दुसऱ्या मजल्यांना जोडतो. वर्गाबाहेर पडलं, वळलं, की पुलावर. चढ नाही, उतार नाही. वर छप्पर आहे, पण पारसिकच्या डोंगराला थडकून पाऊस आडवा यायला लागला की ते फक्त डोक्यापुरतं. पँट गुडघ्यापर्यंत भिजणारच.

तास सुटला की पूल किंचित थरथरतो. लोखंडी आहे, हलका आहे, थरथरणारच. तरी दर जूनमध्ये कुणीतरी कठडा घट्ट धरून विचारतं, “सर, पडणार नाही ना?” मग स्थापत्यवाले सर खुलतात. माणूस सेकंदाला साधारण 2 पावलं टाकतो, पुलाची स्वतःची लय त्या पावलांशी जुळू द्यायची नाही, वगैरे. लंडनच्या मिलेनियम पुलाचा किस्सा तर ठरलेला. जून 2000 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल डावी-उजवीकडे झुलू लागला, लोक तोल सावरायला नकळत त्याच्याच तालावर चालू लागले, आणि पूल आणखी झुलला! शेवटी झोके शोषून घेणारी यंत्रणा बसवून तो 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला.

आमच्या पुलाला ती धास्ती नाही. आमची मुलं एका तालात चालतील तर शपथ. एक मोबाईलमध्ये, दुसरी मागे वळून हाका मारतेय, तिसरा वडापावातली चटणी सांभाळतोय. आणि निम्मी तर चालतच नाहीत. ‘पुलावर थांबू नये’ या पाटीखालीच सगळ्यात मोठा घोळका. तेही खरंच आहे म्हणा. अलीकडे कॉमर्स, पलीकडे इंजिनिअरिंग. एकमेकांना भेटायला दुसरी कुणाच्याच मालकीची नसलेली जागा आहे कुठे?

शिपाईमामा दर तासाला येऊन ओरडतात. “चला, चला, रस्ता सोडा!”

“मामा, पाचच मिनिटं.”

“एफवायपासून ऐकतोय तुझी पाच मिनिटं. आता टीवायचा फॉर्म भरलास ना?”