'राखीव' निकाल आणि तीनदा बंद झालेली तक्रार

आमच्या वहिनी चोपडा तालुक्यात राहतात. लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांनी घरबसल्या, दूरशिक्षणातून बी.ए. केलं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, तर गुणांच्या जागी एकच शब्द: 'राखीव', म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. बी.एड.च्या प्रवेशाची मुदत तोंडावर आलेली.

पूर्वी अभ्यासकेंद्रातले सर विद्यापीठात ओळखीच्या टेबलावर फोन लावायचे. त्या वर्षी विद्यापीठाने विद्यार्थी हेल्पलाइन बाहेरच्या कंपनीला चालवायला दिली होती. नंबर जुनाच, पण तो पुण्यात वाजायचा.

पहिला फोन मी केला. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) सांगितला, तक्रार क्रमांक मिळाला, '४८ तासांत' असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' वहिनी कपाशीतून नुकत्याच आल्या होत्या. हात पदराला पुसत त्यांनी मोबाइल उघडला. राखीव ते राखीवच. असं तीनदा झालं.

चौथा फोन त्यांनी स्वतः लावला. बोलता बोलता रडू आलं, प्रमाण मराठी सुटली आणि घरची अहिराणी तोंडात आली. "मना निकाल अडकेल शे, ताई, मी आते काय करू?" पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "ताई, मी पारोळानी शे. रडू नका."

त्या मुलीने जे सांगितलं ते आधीच्या तिघांनी सांगितलं नव्हतं. आमची तक्रार 'निकाल' या प्रकारात नोंदली जात होती. ती परीक्षा विभागात जायची, तिथून 'पात्रता प्रलंबित' एवढा शेरा यायचा आणि शेरा आला की तक्रार बंद. अडचण पात्रता विभागाची होती: बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, प्रवेश अर्जावर सासरचं. निकाल मोकळा करणं तिच्या हातात नव्हतं, पण तक्रार योग्य प्रकारात टाकणं होतं. ते तिने केलं.

विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून काढला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलला केलं आणि दोन्ही कागद अपलोड केले. अकराव्या दिवशी निकाल दिसला. प्रथम श्रेणी. अर्ज भरला तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते.

मला मात्र स्वस्थ बसवेना. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात कराराची प्रत मागवली. फोन किती सेकंदांत उचलायचा आणि तक्रार किती तासांत बंद करायची, दोन्ही त्यात होतं; उशिराला दंडही होता. काम झालं का, हे विद्यार्थ्याला विचारायचं कलम कुठेच नव्हतं. म्हणून फोन घेणाऱ्या पोरापोरींवर माझा राग नाही. त्यांना जे मोजून पगार मिळतो, तेच ते करणार. मी कुलसचिवांना लेखी कळवलं: विद्यार्थी 'हो' म्हणेपर्यंत तक्रार बंद करू नका, प्रत्येक विभागात उत्तर देणारा एक अधिकारी नेमा, आणि अहिराणी, तसंच सातपुड्यातल्या आदिवासींची पावरी समजणारी माणसं फोनवर बसवा. धडगावच्या पाड्यावरचं पोर चार वाक्यांत आपली अडचण प्रमाण मराठीत मांडू शकत नाही, म्हणून त्याचं वर्ष जाऊ नये. पत्राची पोच मिळाली आहे. उत्तरासाठी मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतो.

निकालाच्या संध्याकाळी वहिनींनी हेल्पलाइनला पुन्हा फोन लावला. एका मुलाने उचलला. "पारोळ्याच्या ताईला सांगा, पास झाले," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "सांगतो, ती उद्या सकाळच्या पाळीला आहे."