इंडोनेशियन म्हणजे संस्कृतच ना?

मी इंडोनेशियन शिकवतो म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो: "ती भाषा संस्कृतातूनच निघाली ना हो?" समोरच्याला 'हो' ऐकायचं असतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, नाही निघाली.

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर, पालेमबांग शहराजवळ १९२० मध्ये केदुकान बुकित इथला एक शिलालेख सापडला. इ.स. ६८३च्या सुमाराचा, जुन्या मलय भाषेतला. आजची इंडोनेशियन ही मलयचंच एक रूप. त्यातली तिथी वाचा: 'एकादशी शुक्लपक्ष वुलन वैशाख'. अगदी आपलं पंचांग! पण मधला 'वुलन' संस्कृत नाही. तो चंद्र, आणि म्हणून महिना. आजच्या इंडोनेशियनमध्ये 'बुलान', फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये 'बुवान', पार मादागास्करात 'वुलाना'. खरं गोत हे, समुद्रावर पसरलेलं. तिथी सांगून झाल्यावर राजपुरुष नावेत चढतो, तिथे 'चढणे' आणि 'त' प्रत्ययाच्या जागी येतात 'नायिक' आणि 'दि'. आजही जाकार्तात बसमध्ये चढताना 'नाइक'च म्हणतात. उसनं घेतलं ते पंचांग, वाक्य घरचंच.

आणि उसने शब्द तरी जसेच्या तसे कुठे राहिले? 'सुआमी' म्हणजे नवरा. 'कपाला' म्हणजे डोकं. मुख्याध्यापक 'कपाला सकोलाह', त्यातला अर्धा संस्कृत, अर्धा पोर्तुगीज. संसाराचा झाला 'संग्सारा', अर्थ हालअपेष्टा. (यावर वर्गात विवाहित मंडळी हमखास हसतात.) 'पुआसा' हा आपला उपवास, पण तिकडे हा शब्द मुख्यतः रमजानच्या रोजांसाठी. उलट आपल्या उपवासाच्या साबुदाण्यातला 'साबू' मूळचा मलय 'सागू' मानला जातो. देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं, हे मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही.

इंडोनेशियातल्याच जावा बेटावरच्या जावानीज भाषेची गंमत आणखी वेगळी. तिथे माणूस बघून शब्द बदलतात. मित्राकडे पाणी मागाल तर 'बान्यू', सासऱ्यांसमोर 'तोया'. घर एरवी 'ओमाह', अदबीने बोलताना 'ग्रिया', म्हणजे आपलं गृह. संस्कृत शब्द असे बरेचदा अदबीच्या बोलीत जाऊन बसलेत. पण अदबीचा प्रत्येक शब्द संस्कृत असेल असं धरून चालू नका. 'खाणे' या साध्या क्रियेला जावानीजमध्ये 'मांगान', 'नेधा' आणि 'धाहार' असे तीन शब्द आहेत, आणि यातला कुठला कुणासमोर वापरायचा हे संस्कृत येऊन कळत नाही.