गादीखालची फळी

कंबर दुखते असं चारचौघांत एकदा म्हणून बघा. आमच्या सोसायटीत तर लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत निदान होऊन उपचारही ठरलेला असतो. कुणी एरंडेल सांगतं, कुणी ओव्याची पुरचुंडी. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत: जमिनीवर झोपा. मऊ गादी म्हणजे चैन, चैन म्हणजे आळस, आणि आळशी माणसाची कंबर दुखायचीच, असा सगळा हिशेब त्यामागे असतो. माझी आई अजूनही सतरंजी आणि त्यावर एक चादर एवढ्यावर झोपते. सकाळी भिंतीला धरून 'आई गं' करत उठते, पण त्याचा सतरंजीशी संबंध जोडलेला तिला खपत नाही.

तिला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. पूर्वी डॉक्टरही हेच सांगायचे, कडक बिछाना घ्या, गादीखाली फळी घाला. शेवटी स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे तपासून बघायचं ठरवलं. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि कुणाला कुठली मिळाली ते कळू दिलं नाही. ९० दिवसांनी विचारपूस केली. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं, पडल्यापडल्याचंही आणि उठतानाचंही. हे मी आईला वाचून दाखवलं. "खुर्चीवर बसून जेवणारी माणसं ती," ती म्हणाली, "त्यांना जमीन काय सोसणार!"

पण विचार केला तर पटतं. आपण कुशीवर वळतो तेव्हा खांदा आणि खुबा आधी टेकतात. फरशी त्यांना जरासुद्धा आत घेत नाही, मग मधली कंबर अधांतरी राहते आणि रात्रभर स्नायू तिला सावरून धरतात. फार मऊ गादीत नेमकं उलटं, सगळ्यात जड भाग म्हणजे बूड, ते खोल जातं आणि कणा मध्येच खचतो. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक सोपी परीक्षा सांगितली. उताणं झोपायचं आणि कमरेखालून तळहात सरकवायचा. आरपार सुळकन गेला तर गादी तुमच्यासाठी कडक. शिरतच नसेल तर मऊ. थोडा रेटून गेला पाहिजे.

ही परीक्षा दुकानात द्यायला मात्र धीर लागतो. चपला काढून, पर्स पोटावर घेऊन मी प्लास्टिकच्या कव्हरावर पडले. हलले की ते कचकच वाजायचं. मी कमरेखाली हात घातला, मग डाव्या कुशीवर वळले, मग उजव्या. शेजारी एक नवं जोडपं उशा निवडत होतं, ते माझ्याकडे न बघण्याची शिकस्त करत होतं. थोड्या वेळाने सेल्समन वाकून म्हणाला, "मॅडम, काही होतंय का?" मी म्हटलं, "अहो, झोपायची वस्तू आहे, झोपूनच बघणार ना!" काथ्याची, स्प्रिंगची, लॅटेक्सची, फोमची, सगळ्यांवर 'ऑर्थो' लिहिलेलं होतं. ते नसलेली गादी त्या दुकानात मला सापडली नाही. मेमरी फोमपाशी त्याने आवाज खाली आणला: "नासाची टेक्नॉलॉजी आहे." ते खरंच आहे. १९६० च्या दशकात नासाने तो फोम विमानातल्या सीटसाठी करवून घेतला होता. पण पुण्याच्या मे महिन्यात त्यावर कसं वाटतं हे नासाला कोण सांगणार? तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ती ऊब सोडत नाही.

किंमत ऐकून उठले. फिजिओबाई म्हणाल्या, आधी आहे तीच गादी जमिनीवर टाकून काही रात्री झोपून बघा. बघितलं, तर कंबर चक्क बरी! म्हणजे गादीवर उगाच आळ आला होता, चोर तिच्या खाली होता.

आमचा बॉक्सचा पलंग आहे. आत रजया, गणपतीचं मखर, लग्नात आलेले आणि कधीच न वापरलेले स्टीलचे डबे. गादी काढून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणून धरली, तर मधोमध प्लाय दोन बोटं खाली गेलेला. सुतारकाकांनी तळव्याने दाबून बघितलं. "ताई, ही फळी नाही, पापड आहे. सहा एमएमचा प्लाय टाकलाय कुणीतरी." त्यांनी अठरा एमएमचा प्लाय बसवला, खाली आडवी पट्टी दिली आणि पट्टीला मधोमध एक पाय. खर्च नव्या गादीच्या पासंगालाही पुरला नसता. जुन्या बाजेचं सुंभ सैल झालं की आजोबा स्वतःच आवळून घ्यायचे. बॉक्सच्या पलंगात काय चाललंय हे तो डबे काढल्याशिवाय कळू देत नाही. लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांचंही तसंच. दोन पट्ट्यांत फार अंतर असलं की फोम तिथे खाली उतरतो आणि गादीचं नाव खराब होतं.

कंबर पूर्ण बरी झाली का? नाही. बाईंनी ते आधीच सांगून टाकलं होतं: गादी फार तर रात्र सांभाळेल, दिवस तुम्ही सांभाळा. पडून राहू नका, चाला, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी घ्या.

आता वाद उरलाय तो नवऱ्याशी. त्याचं वजन माझ्या दीडपट, त्याला कडक लागते, आणि आमच्या जुन्या गादीवर त्याच्या बाजूला कायमचा खड्डा, ज्यात मी पहाटेपर्यंत घरंगळत जाते. कापसाची असती तर उन्हात टाकली असती, नाहीतर पिंजून पुन्हा भरून घेतली असती. फोमला तो इलाज नाही. म्हणून आता दोन सुट्या सिंगल गाद्या आणायचं ठरलंय, त्याची काथ्याची, माझी मध्यम फोमची. उंची एकच हवी, सहा इंच, हे दुकानात दोनदा बजावून आले. मधल्या फटीत त्याचा चष्मा जाणार आणि तो मलाच शोधावा लागणार, हेही त्याने आत्ताच सांगून ठेवलंय.