खुब्यातलं रक्त पुन्हा शिरेत

गुडघा किंवा खुबा बदलायचा ठरला की गोव्यात घरच्यांचा पहिला प्रश्न, 'डोनर किती आणायचे?' दुसरा, चवथीपर्यंत चालता येईल ना? हल्ली तिसरा असतो: पेशंटचंच रक्त परत देणारं मशीन इस्पितळात आहे का? मशीन उत्तम आहे, पण साध्या गुडघ्याला ते बहुधा लागतच नाही.

मांडीला टुर्निके (रक्तपुरवठा थांबवणारा पट्टा) बांधून गुडघा केला तर टेबलावर रक्त फारसं जात नाही. जातं ते नंतर. थोडं ड्रेनमध्ये (जखमेत ठेवलेल्या नळीत), बरंचसं आतल्या थरांत झिरपतं आणि तिथून ते कुणालाच गोळा करता येत नाही. त्यावर रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडचं 1 ग्रॅमचं इंजेक्शन, चीर देण्याआधी, हा स्वस्त आणि चोख उपाय. फिट्स किंवा रक्ताच्या गाठींचा इतिहास असेल तर आधी भूलतज्ज्ञांशी बोलायचं.

मशीनचं खरं काम जुना कृत्रिम खुबा काढून नवा बसवताना, किंवा पेशंटचा गट 'बॉम्बे' असेल आणि जुळणारा दाता मिळणं मुश्कील असेल तेव्हा. सक्शनची नळी दुहेरी असते. बारीक पोकळीतून हेपरिन (रक्त साकळू न देणारं औषध) टोकापाशी ठिबकत राहतं. 1 लिटर सलाइनमध्ये 30,000 युनिट. सुरुवातीला 100-200 मिली आधीच रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे रक्त जमा होणाऱ्या भांड्यात, सोडायचं, नाहीतर पहिलंच रक्त तळाशी साकळतं. टोक रक्ताच्या डबक्यात बुडलेलं हवं. वरवर हवा ओढली की फेस होतो, तांबड्या पेशी फुटतात. म्हणून सक्शनचा दाबही पाऱ्याच्या 150 मिमीच्या आत. रक्त टिपून भिजलेले मॉप (कापडी घड्या) फेकू नयेत. सलाइनच्या भांड्यात बुडवून हलक्या हाताने दाबायचे, धुण्यासारखे पिळायचे नाहीत.

आधी फक्त गोळा करण्याचा संच उघडावा. बाऊलचा (रक्त फिरवून धुणाऱ्या भांड्याचा) महागडा संच पुरेसं रक्त जमल्यावरच. 225 मिलीचा बाऊल भरायला, पेशंट फार फिकट नसेल तर, ढोबळमानाने 500-600 मिली रक्त लागतं. अर्धवट भरलेला बाऊल नीट धुतला जात नाही. फिरवून, किमान 1 लिटर सलाइनने, बाहेर जाणारी नळी स्वच्छ दिसेपर्यंत धुतलं की 50-60 टक्के तांबड्या पेशींचं दाट रक्त मिळतं. रक्त साकळायला लागणारे प्लाझ्मा, प्लेटलेट मात्र वाहून गेलेले असतात. तीन-चार बाऊल परत दिल्यावरही जखम पाझरत राहिली तर दोष मशीनचा नव्हे; फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा मागवायचा.

चूक बहुतेकदा सक्शनपाशीच होते. बोन सिमेंट (कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवणारा लगदा) कालवायला घेतलं की मशीनची नळी बाजूला, साधं सक्शन हातात, सिमेंट घट्ट होईपर्यंत. पोव्हिडोन आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं तरी तेच. सलाइनने जखम धुऊन झाल्यावरच मूळ नळी परत. डिस्टिल्ड वॉटरने तर पेशी जागीच फुटतात. सांध्यात पू किंवा कर्करोगाची गाठ असेल तर निर्णय वरिष्ठांनी, आधीच घ्यायचा.

पिशवीवर नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ, टेबलाशेजारीच लिहायची. धुऊन झाल्यापासून 4 तासांत रक्त शिरेत जायला हवं. फ्रिजमध्ये ठेवून उद्या नाही. पिशवीत हवा असते, म्हणून प्रेशर कफ लावून कधीही ढकलू नये. ड्रेनमधलं न धुतलेलं रक्त परत देण्याची पद्धतही आहे, मुदत गोळा करायला लागल्यापासून 6 तास. पण त्यात चरबी आणि फुटलेल्या पेशी येतात, पेशंटला हुडहुडी भरते. धुतलेलंच बरं.

मशीन लावलं तरी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटशी जुळवून बघणं, हवाच. बांबोळीच्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) रक्तपेढी असो की म्हापसा-मडगावची, नमुना आदल्या दिवशी पोचलेला बरा.

आणि हिमोग्लोबिन ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नव्हे, दीड महिना आधी बघा. वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या घेतलेल्यांच्या पोटातून नकळत रक्त जात असतं. 13 च्या खाली असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून लोह सुरू करायचं. वेळ कमी असेल तर शिरेतून. पेजेसोबत बिटाची कोशिंबीर खाऊन महिन्यात 3 ग्रॅम चढत नाही.